छोट्या मंचाचे दिवे: टांगायचे तर आहेत, पण टांगलेले दिसायला नकोत

पाचपाखाडीची_खिडकी

नमस्कार मंडळी. नाटकवाले, साउंडवाले, वेल्डिंगवाले, सगळ्यांनाच विचारतेय.

पाचपाखाडीला आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक हॉल आहे. साठेक खुर्च्या, समोर १२ फूट बाय ८ फुटांचा, फूटभर उंचीचा लाकडी मंच. अभिवाचन, सुगम संगीत, उन्हाळ्यात मुलांच्या एकांकिका असं चालू असतं. आजवर सगळं ट्यूबलाईटखाली निभावलं. आता एका सभासदांच्या देणगीतून एलईडीचे ६ पार लाईट (एका दिशेला झोत टाकणारे स्टेजचे दिवे) घेतलेत. प्रत्येकी साधारण २ किलो.

भाड्याचे दोन स्टँड आणि आडवा पाईप लावून ट्रायल घेतली. प्रकाश छान पडला. पण अध्यक्ष आत आले, वर बघितलं आणि म्हणाले, "परांची कशाला बांधलीय? रंगकाम काढलंय का?" झालं. आता कमिटीचा ठराव असा की दिवे लावा, पण लोखंड दिसता कामा नये.

हॉलची माहिती देते. जमिनीपासून स्लॅब १० फूट, फॉल सिलिंग नाही. मंचाच्या पुढच्या कडेपासून अंदाजे ५ फुटांवर एक आडवा बीम आहे, स्लॅबपासून १५ इंच खाली उतरलेला. भिंती आणि छत पांढरं. पंखे आहेत, त्यातला एक नेमका मंचाच्या तोंडाशी. मागच्या भिंतीवर संस्थापकांची तसबीर, तिला कोणी हात लावायचा नाही.

क्लॅम्प (दिवा पाईपला पकडणारे चाप) कोणते घ्यावेत? पाईप केवढा? काळा रंग द्यावा का? आणि हे सगळं ठाण्यात मिळेल की मुंबई गाठावी लागेल?

घणसोली_लोकल

ठराव बदला, लोखंड तेच ठेवा. 😀

विंगेतला

मी हौशी एकांकिकांना दिवे लावतो, त्यामुळे हा विषय जवळचा. सगळे आधी क्लॅम्प विचारतात. तो प्रश्न शेवटचा आहे. आधी दिवा कुठे असायला हवा ते ठरवा, कारण जागा चुकली तर मग कितीही नाजूक क्लॅम्प आणा, खटकणारच.

तुमच्या आकड्यांवरून थोडं गणित केलं. मंचावर उभ्या माणसाचा चेहरा जमिनीपासून साडेसहा फुटांवर. दिवा साडेनऊ फुटांवर. म्हणजे दिवा चेहऱ्याच्या ३ फूटच वर. बीमपाशी लावलात तर आडवं अंतर साडेसात फूट धरा, कोन येतो २२ अंशांच्या आसपास. हा कोन सपाट आहे. प्रकाश कलाकाराच्या डोळ्यात जाणार आणि सावली मागच्या भिंतीवर, म्हणजे थेट संस्थापकांच्या तसबिरीवर.

पण अभिवाचनाला माणूस खुर्चीत बसलेला असतो. चेहरा ५ फुटांवर येतो, कोन ३० अंशांच्या वर जातो. ते चालतं. अमेरिकी प्रकाशयोजनाकार मॅकँडलेसने १९३२ च्या पुस्तकात दोन बाजूंनी ४५ अंशांवरून प्रकाश टाकायची पद्धत सांगितली, ती आजही शिकवतात. पण १० फुटी छताखाली ४५ अंश हवे असतील तर दिवा उभ्या कलाकाराच्या तीनच फूट पुढे येतो. तो त्याच्या टाळूवर आणि पहिल्या रांगेच्या नजरेत. लहान हॉलमध्ये ३०-३५ अंशांवर समाधान मानायचं.

सांगायचा मुद्दा, तुमचे कार्यक्रम बसून होणारे जास्त की उभ्याने? त्यावर पुढचं.

पाचपाखाडीची_खिडकी

@विंगेतला, बसून होणारेच जास्त. एकांकिका वर्षातून एकदा, मे महिन्यात.

विंगेतला

मग बीम हीच तुमची जागा. एकांकिकेच्या वेळी भाड्याचे स्टँड आणा. तेव्हा अध्यक्षांना महाबळेश्वरला पाठवा.

काकूबाई

अभिवाचनाला एवढे दिवे कशाला? आमच्याकडे वाचणारा आपला टेबललॅम्प घेऊन येतो. विचारतेय फक्त, दिवे घ्या (म्हणजे थट्टेत घ्या).

घणसोली_लोकल

त्यांनी घेतलेत की. सहा. 😂

स्पॅनर१७

वागळे इस्टेटमध्ये माझं छोटं फॅब्रिकेशनचं काम आहे, म्हणून पाईपबद्दल लिहितो.

लोक "दीड इंची पाईप" म्हणून मागतात. दुकानदार ४० एनबीचा देतो (एनबी म्हणजे पाईपचं नाममात्र आतलं माप), त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी. नाटकाच्या दिव्यांचे मोठे हुक क्लॅम्प याच मापाला बनवलेले असतात. थिएटरमध्ये हाच पाईप योग्य. पण १० फुटी छताखाली तो डोळ्यात भरतो आणि वजनही मीटरला साडेतीन किलोच्या वर जातं.

तुमच्या ६ दिव्यांना २५ एनबी भरपूर झाला. बाहेरचा व्यास ३३.७ मिमी, मध्यम जाडीचा घेतला तर मीटरला साधारण २.४ किलो. १२ फुटांना नऊ किलोच्या आत. दिवे १२ किलो. एकूण २१ किलो आणि वर वायर-क्लॅम्पचं थोडं.

पाईप घेताना रंगाचा पट्टा बघा. पिवळा पट्टा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जड. निळा मागा. पिवळा घेतलात तर क्लॅम्पचा बोल्ट आवळताना पाईपला पोचा पडू शकतो आणि मग क्लॅम्प फिरत राहतो. शिवाय २० फुटी नगातून १२ फूट कापल्यावर उरतो त्याची सोय आधीच करा, नाहीतर तो वाचनालयाच्या जिन्याखाली वर्षानुवर्षं पडून राहील.

आणि क्लॅम्प घेताना पाईपचा एक तुकडा खिशात ठेवून जा. ४८ मिमीचा क्लॅम्प ३३ मिमीच्या पाईपवर बसवून बोल्ट पूर्ण आवळला तरी तो एका बाजूनेच धरतो. मध्ये रबर कोंबणारे महाभाग मी बघितलेत.

मंद_दिवा

माझं मत वेगळं आहे. दिवा दिसला तर काय बिघडलं? जर्मन नाटककार ब्रेख्तला दिवे प्रेक्षकांना दिसायलाच हवे असायचे, आपण नाटक बघतोय हे विसरू नये म्हणून. दिवे लपवण्यासाठी चाललेला हा सगळा खर्च म्हणजे दिवाणखान्याची हौस आहे, रंगमंचाची नव्हे. नीट रांगेत, एका उंचीवर, एका दिशेला तोंड केलेले सहा दिवे सुंदर दिसतात. वाईट दिसतो तो गबाळेपणा, म्हणजे लोंबकळणाऱ्या वायरी, तिरके क्लॅम्प, चिकटपट्टीचे बोळे.

तिसरी_घंटा

@मंद_दिवा, शेवटच्या वाक्याला मोदक, म्हणजे अनुमोदन. पण ब्रेख्तकडे पाचपाखाडीची कमिटी नव्हती.

नौपाडकर

अवांतर: गडकरी रंगायतन १९७८ साली सुरू झालं तेव्हा आम्ही शाळेत होतो. तलावपाळीवरून चालत जाऊन तिसऱ्या घंटेला आत शिरायचं. तेव्हा वर दिवे कुठे आहेत हे कधी बघितल्याचं आठवत नाही. नाटक चांगलं असलं की वर बघायला फुरसत नसते. असो, चालू द्या.

तिसरी_घंटा

रंगाबद्दल कोणी बोललं नाही अजून.

"लपवायचंय तर काळं करा" हे सगळे डोळे झाकून सांगतात. थिएटरमध्ये सामान काळं असतं कारण तिथे मागचं सगळंच काळं असतं, झालरी, विंगा, छत. तुमचं छत पांढरं आहे. पांढऱ्या छतावर काळा पाईप म्हणजे कोऱ्या कागदावर ओढलेली रेघ. पाईप, ब्रॅकेट, क्लॅम्प, वायरीची पट्टी सगळं छताच्याच पांढऱ्या रंगात करा, तेही मॅट. चकचकीत पांढऱ्यावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं.

दिव्यांची बॉडी काळी येते. ती रंगवू नका, मागचे उष्णता बाहेर टाकणारे पंख रंगाने बुजले तर एलईडी तापून आयुष्य घटतं. पांढऱ्या बॉडीचे पारही बाजारात मिळतात, पण तुमचे घेऊन झालेत.

आणि खरी गोष्ट सांगू? प्रेक्षकाची नजर क्लॅम्पकडे जात नाही, पेटलेल्या भिंगाकडे जाते. भिंग दिसलं नाही तर मागचं लोखंडही कोणाला दिसत नाही. म्हणून दिव्याच्या तोंडाला छोटी बॅरनडोअर (झोत अडवणाऱ्या पत्र्याच्या झडपा) किंवा अर्धी नळी लावा, प्रेक्षकांच्या बाजूने झाकणारी. दिवे बंद असताना मात्र क्लॅम्प दिसतात, आणि अध्यक्ष नेमके तेव्हाच येतात.

खारेगावकर

बीम १५ इंच उतरलाय म्हणताय ना? मग प्रेक्षक बीमच्या कोणत्या बाजूला बसतात?

पाचपाखाडीची_खिडकी

@खारेगावकर, पहिली रांग साधारण बीमखालीच येते. बाकी सगळे त्याच्या मागे.

खारेगावकर

मग झालं की काम! दिवे बीमच्या मंचाकडच्या बाजूला लावा. मागच्या सगळ्या रांगांना बीमचाच आडोसा. पारची उंची योक (दिव्याला धरणारी यू आकाराची पट्टी) धरून फूटभर असते, १५ इंचात बसून जाईल. पहिल्या रांगेला दिसायचे तर मान पूर्ण वर करावी लागेल, आणि पहिल्या रांगेत कमिटीच बसते, ती झोपलेली असते.

आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये असंच केलंय. आत आलेला माणूस विचारतो, प्रकाश कुठून येतोय?

घणसोली_लोकल

हसून हसून पुरेवाट. वरचा प्रतिसाद कमिटीच्या ग्रुपवर टाकू नका फक्त.

निवृत्त_अभियंता

वाचनखूण साठवली होती, आता लिहितो, कारण बीमला भोकं पाडायची गोष्ट निघालीच आहे.

बीमच्या तळाला हात लावू नका. बीमच्या मधल्या भागात ताण खालच्या बाजूला असतो, मुख्य सळया तिथेच असतात. तळातून वर ड्रिल मारणं म्हणजे सळईला गाठणं. शिवाय तिथला अँकर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा बोल्ट) सरळ खाली ओढला जातो, आणि काँक्रीटमधला अँकर सरळ ओढीला लवकर दगा देतो.

बाजूच्या पृष्ठभागावर, उंचीच्या मध्याच्या आसपास भोक घेतलं तर दोन फायदे. मुख्य सळया टळतात आणि अँकरवर भार आडवा येतो. तरी रिंगा (मुख्य सळयांभोवती गुंडाळलेल्या बारीक सळया) असतातच. त्यामुळे आधी सळई शोधायचं यंत्र फिरवून घ्या, आणि ड्रिलला कडक काही लागलं तर रेटू नका. दोनेक इंच सरका आणि आधीचं भोक ग्राउटने बुजवा. १० मिमीचे अँकर फास्टनर, चार ब्रॅकेट, प्रत्येकाला दोन, एवढ्यावर तुमचे २१ किलो आरामात राहतील. माणसांच्या डोक्यावर काही टांगायचं असेल तर मी नेहमी भाराच्या दहापट ताकद धरतो.

पण हे सगळं बीम निरोगी असेल तर. इमारत किती जुनी? ठाण्यातल्या चाळीस वर्षांपूर्वीच्या बऱ्याच इमारतींत सळया गंजून प्लास्टर फुगलेलं असतं. हातोडीने हलकं ठोकत जा. भरीव टणक आवाज हवा. कुठे पोकळ वाजलं, बारीक आडवी भेग किंवा तांबूस डाग दिसला तर तिथे काहीही टांगू नका, आधी स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या इंजिनियरला दाखवा. खरं तर सगळं धडधाकट वाटलं तरी दाखवाच. सोसायटीची लेखी परवानगीही घ्या.

काकूबाई

पंख्याचा हूक आहे ना स्लॅबमध्ये, ओतकामातच घातलेला? त्याला नाही का पाईप टांगता येणार? आमच्या यजमानांनी झोपाळा टांगला होता.

निवृत्त_अभियंता

@काकूबाई, पंख्याचा हूक सळईत अडकवलेला असतो, त्यामुळे तो मजबूत असतो हे खरं. पण जुन्या इमारतीत तो छतातल्या डब्यात गंजून अर्धा झालेला असू शकतो आणि खालून दिसत नाही. शिवाय एका हुकावर १२ फुटी पाईप तोलायचा म्हणजे तो गोल फिरणार. झोपाळ्यासाठी आपल्या यजमानांना साष्टांग.

घरचा_इलेक्ट्रिशियन

भोकं नको असतील तर हे वाचा.

१. जमीन ते छत दाबून बसवायचे टेलिस्कोपिक खांब मिळतात. दोन बाजूंना दोन खांब, मध्ये आडवा पाईप. भोक एकही नाही. पण खांब दिसतात आणि फरशी गुळगुळीत असेल तर खालच्या रबरावर लक्ष ठेवावं लागतं.

२. सुपर क्लॅम्प. फोटोग्राफीवाले वापरतात. मॅनफ्रोटो कंपनीचा १३ ते ५५ मिमी जाडीपर्यंत काहीही धरतो, भार १५ किलो. त्याच्यासारखे स्वस्त बरेच येतात, त्यांच्यावर लिहिलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही. पुस्तकांच्या रॅकचा उभा अँगल असेल तर त्याला एक दिवा बाजूने लावायला बेष्ट.

३. चुंबकाचे ब्रॅकेट. लोखंडी कपाटाला चिकटतात. "२० किलो" छापलेलं असतं ते सरळ ओढीचं. उभ्या पत्र्यावरून खाली घसरायला त्याच्या पाव-तृतीयांश जोरही पुरतो, रंग गुळगुळीत असेल तर त्याहूनही कमी. एलईडी पट्टीसाठी ठीक, पारसाठी अजिबात नाही.

स्पॅनर१७

@घरचा_इलेक्ट्रिशियन, रॅक भिंतीला पक्का केलेला असेल तरच. सुटा रॅक, त्यात वरच्या कप्प्यात ज्ञानकोशाचे खंड आणि बाजूला दोन किलोचा दिवा बाहेर काढलेला. कल्पना करा.

पाचपाखाडीची_खिडकी

रॅक भिंतीला पक्के आहेत. ज्ञानकोश खालच्या कप्प्यात आहे, वर उचलून ठेवणं कोणाला पेलत नाही.

ड्रिलची परवानगी मिळेल असं वाटतंय. पंख्याबद्दल कोणीच बोललं नाही पण?

विंगेतला

बरं झालं आठवण केलीत, पंखाच तुमचा खरा शत्रू आहे. दिवा साडेनऊ फुटांवर, पंख्याची पाती नऊ फुटांच्या आसपास, आणि पंखा दिवा व कलाकार यांच्या मध्ये. पंखा सुरू झाला की प्रकाश पात्यांतून कापला जाणार, चेहऱ्यावर लकलक. मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर आणखी भयानक दिसतं. एका शाळेच्या हॉलमध्ये गाण्याच्या कार्यक्रमात हे झालं होतं. गायिका बिचारी डोळे मिटून गायली, लोकांना वाटलं तल्लीन झाली.

तो पंखा काढा किंवा कार्यक्रमात बंद ठेवा, आणि मंचाच्या दोन बाजूंना भिंतीवरचे पंखे लावा. वाऱ्याने संहितेची पानं उडणार नाहीत एवढं बघा.

दिवे पंख्याच्या दोन अंगांना सरकवून तीन-तीन असे दोन गट केले तरी फरक पडेल. मधून सरळ येणारा प्रकाश तसाही चेहरा सपाट करतो.

घणसोली_लोकल

मे महिन्यात पंखा बंद ठेवून एकांकिका. प्रेक्षक पण तल्लीन होतील, डोळे मिटून.

तिसरी_घंटा

भिंगाचा कोन कोणी विचारला नाही. पारच्या खोक्यावर लिहिलेला असतो. बरेचसे २५ अंशांचे येतात. ८ फुटांवर २५ अंशांचा झोत जेमतेम साडेतीन फुटांचं वर्तुळ टाकतो. १२ फुटी मंचावर डाग-डाग दिसतील. ४५ अंशांचा असेल तर तेच वर्तुळ साडेसहा फुटांचं. २५ चे निघाले तर दिवे परत करू नका, समोर फ्रॉस्टचा जेल (प्रकाश पसरवणारा धुरकट प्लास्टिकचा कागद) लावा, कडा विरघळतात आणि झोतही पसरतो.

पाचपाखाडीची_खिडकी

बघून आले. २५ च आहेत. 😐 फ्रॉस्ट लावते.

कळवा_खाडी

सेफ्टी वायरचं कोणी लिहिलं का? वरती शोधलं, नाही सापडलं.

क्लॅम्प कितीही भारी असो, प्रत्येक दिव्याला स्टीलची वेगळी वायर हवी, दिव्याच्या योकमधून नव्हे तर बॉडीला दिलेल्या कडीतून काढून पाईपभोवती. योकचा बोल्टच निघाला तर योकमधली वायर काय धरणार?

आणि ढील ठेवू नका. २ किलोचा दिवा फूटभर पडून सेंटीमीटरभरात थांबला तर वायरीला क्षणभर साठेक किलोचा हिसका बसतो. ढील दोन बोटं ठेवली तर हिसका त्या मानाने काहीच नाही. नायलॉनच्या केबल टायला सेफ्टी समजू नका. दिव्याजवळच्या उष्णतेने त्या ठिसूळ होतात आणि मग नुसत्या हाताने तुटतात.

"लोखंड दिसता कामा नये" या ठरावात ही वायर आली तर ठराव फाडा.

मंद_दिवा

अनुमोदन. ही एक गोष्ट दिसलीच पाहिजे, तपासणाऱ्याला खालून दिसली पाहिजे.

पावसाळी_पनवेल

वायरींबद्दल. बहुतेक हॉलमध्ये क्लॅम्प नाही, वायरी घाण दिसतात. पॉवरची आणि डीएमएक्सची (दिव्यांना मंद-प्रखर व्हायचे संकेत नेणारी) वायर पाईपच्या वरच्या अंगाला, म्हणजे खालून न दिसणाऱ्या बाजूला, हातभर अंतरावर बांधत जा. प्रत्येक दिव्यापाशी एक छोटा फेरा सोडा, दिवा वळवायला. खाली उतरायची ती एकाच जागी, बीम आणि भिंतीच्या कोपऱ्यातून, पांढऱ्या केसिंग पट्टीत.

डीएमएक्ससाठी माइकची वायर वापरू नका, कनेक्टर तोच बसतो म्हणून लोक वापरतात. सहा दिव्यांना चालूनही जाईल कदाचित, पण दिवे मध्येच उगाच लुकलुकायला लागले की शोधत बसाल. शेवटच्या दिव्यात १२० ओहमचा टर्मिनेटर लावा, एका प्लगमध्ये दोन पायांना जोडलेला साधा रेझिस्टर असतो तो. लॅमिंग्टन रोडला सुटा घेऊन स्वतः डाख दिला तर किरकोळीत होतं.

नौपाडकर

विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या गणेशोत्सवात मंडपाच्या बांबूला पार तारेने बांधायचे. तारेने! आरतीला सगळे खाली उभे. कोणाला काही झालं नाही ही बाप्पाचीच कृपा.

कळवा_खाडी

@नौपाडकर, यंदा क्लॅम्प आणि वायरची वर्गणी मी देतो. थट्टा नाही, माझ्या विचारपुशीत लिहा.

गोखले_रोड_कॉर्नर

खरेदीचं: क्लॅम्प, सेफ्टी वायर, टर्मिनेटर ऑनलाइन मिळतात, पण मापं हातात घेऊन बघायची तर मुंबईच बरी. नट-बोल्ट, अँकर, स्टेनलेस वॉशर नागदेवी स्ट्रीटला, वायर आणि केसिंग लोहार चाळीत. दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. शनिवारी दुपारी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.

नायलॉक नट मागा, तो कंपनाने सुटत नाही. मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमात साधे नट ढिले होतात.

स्पॅनर१७

ब्रॅकेटचं मी सांगतो. तयार घेण्यापेक्षा करून घ्या. ५ मिमी पट्टीचा एल, बीमकडच्या बाजूला दोन भोकं, पुढच्या तोंडाला पाईप बसेल असं अर्धगोल आणि वरून पट्टा. बीमपासून पाईपचा मध्य ७-८ इंच पुढे ठेवा, नाहीतर दिवा मागे वळवताना बीमला घासेल. बाकी जाडी-माप दिवा समोर धरून घ्या, कागदावरून करू नका. पाईपच्या दोन टोकांना टोप्या विसरू नका, उघडी टोकं फार वाईट दिसतात आणि पाली राहतात.

पावडर कोटिंग वागळेत एका दिवसात होतं. ठाण्याची पावसाळी हवा बघता नुसत्या ऑइल पेंटवर जाऊ नका, दोन पावसाळ्यांत सांध्यातून गंज खाली ओघळतो आणि तोच पांढऱ्या बीमवर दिसतो. आधी भोकं, वेल्डिंग सगळं करा, मग कोटिंग. उलट केलं तर भोकाच्या कडेपासून गंजाला सुरुवात होते.

काकूबाई

पालीचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा.

पाचपाखाडीची_खिडकी

मंडळ आभारी आहे! सगळं झालं, म्हणून कळवायला आले.

सोसायटीने दिलेल्या इंजिनियरने बीम ठोकून, यंत्र फिरवून बघितला. एका टोकाला पोकळ वाजला, तो भाग सोडला. त्यामुळे पाईप १२ ऐवजी ९ फुटांचा झाला आणि मंचाच्या मध्यापासून थोडा डावीकडे आला. मंचाकडच्या बाजूला चार ब्रॅकेट, २५ एनबीचा निळ्या पट्ट्याचा पाईप, त्यावर चार दिवे दोन-दोनच्या गटात. पाईप, ब्रॅकेट, क्लॅम्प छताच्या पांढऱ्यात. उरलेले दोन दिवे उजवी बाजू अंधारी राहू नये म्हणून तिथल्या रॅकच्या अँगलला सुपर क्लॅम्पने, मंचाकडे तोंड करून, खालचा वरच्यापेक्षा मंद. या बाजूच्या प्रकाशाने अभिवाचनात चेहरा एवढा उठून येईल असं वाटलं नव्हतं.

मधला पंखा काढला. त्याच्या हुकाला काहीही टांगलेलं नाही, @काकूबाई.

सेफ्टी वायर दिसते. अध्यक्षांनी विचारलंच, "ही तार कशाला?" त्यांना त्यांच्याच खुर्चीच्या बरोब्बर वरचा दिवा दाखवला. पुढे काही बोलले नाहीत.

एक शंका: २५ अंशांच्या दिव्यांना फ्रॉस्ट लावल्यावर पुढच्या दोन रांगांच्या डोक्यावर आणि बीमच्या तळावरही थोडा उजेड सांडतोय. बॅरनडोअर घेऊ का काळा फॉइल गुंडाळू?

तिसरी_घंटा

आधी काळा अॅल्युमिनियम फॉइल. हाताने वाकवून वरून आणि मागून टोपी करा, मागचे पंख मोकळे ठेवून. कुठे किती झाकायचं ते दोन कार्यक्रमांत कळेल. मग त्या मापाची बॅरनडोअर घ्या, नाहीतर पैसे दोनदा जातील. काळा फॉइल खालून दिसेल. दिसू दे.

विंगेतला

आणि खालच्या दिव्याची तीव्रता वाचणाऱ्याच्या चष्म्यावर बघून ठरवा. बाजूने आलेला प्रकाश काचेवर चमकला की पहिल्या रांगेला वाचकाचे डोळेच दिसत नाहीत. दिवा वीतभर वर सरकवलात तर बहुतेक वेळा ती चमक जाते.

पाचपाखाडीची_खिडकी

हे आजच करून बघते, पुढच्या अभिवाचनाला तिन्ही वाचक चष्मेवाले आहेत.

घणसोली_लोकल

कार्यक्रम कधी आहे? आणि पंखा खरंच काढलाय का, ते सांगा, त्यावर माझं येणं अवलंबून आहे.

पाचपाखाडीची_खिडकी

@घणसोली_लोकल, भिंतीवर दोन नवीन लावलेत. या. पहिल्या रांगेत जागा ठेवते, अध्यक्षांच्या शेजारी.